व्हीआरमध्ये (हेडसेट घालून दिसणाऱ्या आभासी जगात) बैठका शिकवताना गुडघ्याची चूक सतत लाल रंगाने दाखवावी का?

जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा असलेल्या बडोद्यात आपण मुलांसाठी असा सराव तयार करत आहात, याचा मनापासून आनंद वाटला. परंतु चूक सतत दाखवू नये, असे माझे ठाम मत आहे. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ साली मांडल्याप्रमाणे, प्रत्येक वेळी सूचना मिळाली की शिकणारा तिच्यावरच विसंबतो आणि ती बंद होताच सुधारणा ओसरते. हेडसेटमध्ये स्वतःचे पाय दिसत नाहीत व मान खाली घातली की पाठ वाकते, म्हणून समोर आभासी आरसा ठेवावा, आणि गुडघा ठरावीक मर्यादेपलीकडे आत झुकला तरच तेवढा भाग नारिंगी करावा. लाल-हिरवी जोडी टाळावी. काही मुलग्यांना त्यांतला फरक कळत नाही. पुढे काही बैठका रंगाविना काढवून घ्याव्यात.