हाताने ३ सेकंदांत संपणारी क्वेरी रात्रीच्या क्रॉन जॉबमध्ये तासन्‌तास का चालते?

तुमचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रात्री २ वाजता टेबलात नवा डेटा भरतो आणि लगेच रिपोर्टची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवतो. तीच क्वेरी सकाळी हाताने ३ सेकंदांत संपते, रात्री मात्र रेंगाळते, आणि काही रात्री फाइल रिकामीच मिळते. माझ्या मते हे दोन वेगळे दोष आहेत. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, त्यामुळे त्याच्यापुरतंच लिहितो.

आधी रेंगाळण्याचं बघू. क्वेरी बदलायला घेऊ नका. जॉब चालू असताना दुसऱ्या सेशनमधून (वेगळ्या जोडणीतून) चालू क्वेरी दाखवणारं पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी बघा. वेट_इव्हेंट_टाइपमध्ये 'लॉक' दिसलं, तर क्वेरी कुणाची तरी वाट बघत थांबली आहे. कोणाची, ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स सांगतं. साधा सिलेक्ट (डेटा वाचणारी कमांड) सहसा अडत नाही. पण कुणी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या कमांडचा गट) उघडं ठेवून गेलं, त्यामागे एखादा ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) लॉकसाठी थांबला, की पुढचे सगळे सिलेक्ट त्या ऑल्टरच्या मागे रांगेत लागतात. उघडं राहिलेलं सेशन कॅन्सल करून सुटत नाही, टर्मिनेटच करावं लागतं.

लॉक नसेल आणि स्टेट 'अ‍ॅक्टिव्ह' असेल, तर प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याची डेटाबेसने ठरवलेली पद्धत, चुकलाय. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. समजा टेबलात १५ लाख ओळी आहेत आणि जॉबने आजच्या तारखेच्या २ लाख ४० हजार भरल्या. प्लॅनरकडची आकडेवारी कालपर्यंतचीच आहे. तिच्यात आजची तारीखच नाही, म्हणून "आजच्या ओळी किती?" याला तो "जेमतेम एक" असं उत्तर धरू शकतो. एका ओळीसाठी नेस्टेड लूप (दर ओळीमागे दुसऱ्या टेबलात पुन्हा शोधणं) स्वस्तच. प्रत्यक्षात तो लूप २ लाख ४० हजार वेळा फिरतो. दर फेरीला १० मिलिसेकंद धरले तरी ४० मिनिटं गेली.

सकाळी हे दिसत नाही, कारण डीफॉल्ट सेटिंगमध्ये साधारण १० टक्के ओळी बदलल्या की ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसचं आपोआप चालणारं देखभालीचं काम) आकडेवारी ताजी करतो. पण तो दर मिनिटाला फेरी मारतो आणि तुमची क्वेरी त्याआधीच सुरू झालेली असते. एकदा सुरू झालेल्या क्वेरीचा प्लॅन मध्येच बदलत नाही. भरणं आणि रिपोर्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असेल, तर ऑटोव्हॅक्यूमला नव्या ओळी दिसतही नाहीत. टेम्पररी टेबलांना तर तो कधीच हात लावत नाही.

उपाय एका ओळीचा आहे: डेटा भरून झाला की रिपोर्टच्या आधी, स्क्रिप्टमध्येच, त्या टेबलावर आकडेवारी ताजी करणारा अ‍ॅनलाइझ चालवा. ट्रान्झॅक्शनच्या आत चालवला तरी चालतो. निदान पक्कं करायचं असेल तर ऑटो_एक्सप्लेन (प्लॅन आपोआप नोंदवणारं मॉड्यूल) लावून रात्रीचाच प्लॅन लॉगमध्ये घ्या आणि अंदाजे ओळी व प्रत्यक्ष ओळी यांतली तफावत बघा. सकाळी एक्सप्लेन (प्लॅन दाखवणारी कमांड) चालवून उपयोग नाही, तोवर आकडेवारी बदललेली असते.

आता रिकामी फाइल. '>' (आउटपुट फाइलकडे वळवणारं चिन्ह) असलं की शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) कमांड सुरू होण्याआधीच फाइल रिकामी करतो, मग कमांड फसली तरी फाइल उरते. फसण्याची नेहमीची कारणं म्हणजे क्रॉनचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या जागांची यादी) तोकडा असतो. पासवर्डची पीजीपास फाइल दुसऱ्याच युजरच्या होममध्ये असते, किंवा तिची परवानगी ०६०० पेक्षा सैल असल्याने ती वापरलीच जात नाही. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये) तारखेसाठी % लिहिलेलं असतं. क्रॉन पहिल्या % वरच कमांड तोडतो, म्हणून त्याआधी बॅकस्लॅश हवाच. एररचं आउटपुटही लॉग फाइलकडे वळवा, पहिल्याच रात्री कारण कळेल.

पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसला कमांड देणाऱ्या प्रोग्रॅमला) स्क्रिप्ट फाइल देत असाल तर ऑन_एरर_स्टॉप १ करा. नाहीतर मधलं स्टेटमेंट फसूनही तो पुढे जातो आणि शेवटी एक्झिट कोड ० (काम यशस्वी झाल्याची खूण) देतो, म्हणजे क्रॉनच्या दृष्टीने सगळं ठीक. आउटपुट तात्पुरत्या फाइलमध्ये घ्या आणि कोड ० आला तरच तिचं नाव बदलून खऱ्या जागी ठेवा. कालचा जॉब संपला नसताना आजचा सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक -एन (जॉबला कुलूप लावणारी कमांड) लावा.