मांडीतलं गजकर्ण ट्यूब लावली की जातं, सोडली की परत येतं. कायमचा उपाय आहे का?

आधी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलं काही लिहिलं असेल तर लावणं थांबवा. स्टेरॉइडनं खाज लगेच बसते, बुरशी मात्र मजेत पसरते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. पावसाळ्यात ओल्या पँटनं दिवसभर शेतात डवऱ्यामागं (कोळप्यामागं) चालल्यावर जांघेत गजकर्ण होणारच. काकाजींच्या मते मात्र ही फवारणीची उष्णता. तालुक्याच्या मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब ते दोन पावसाळे चोळत होते, वर गावभर सांगत होते, "लावली का लागलीच थंडाई!" चट्टा गुडघ्यापर्यंत उतरला. मग काकूच्या कमरेला उठला, नातवाच्या गालावर उठला. दोरीवरचा दुपट्टा सगळ्यांचा एकच ना! काकाजींची कातडी इतकी पातळ झाली की खालच्या शिरा दिसायच्या, आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा जांभळट रेघा मांडीवर पडल्या. त्या आजही तशाच आहेत.

शेवटी मीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. चर्मरोगाच्या मॅडमनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडनं खरवडून काचेवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपमधून मलाही बघू दिलं. बुरशीचे फांद्या फुटलेले लांब धागे. उष्णतेला धागे नसतात, काकाजी.

इट्राकोनाझोलच्या गोळ्या आणि बिनस्टेरॉइडचं ल्युलिकोनाझोल मलम मिळालं. टर्बिनाफाइन हे बुरशीवरचं दुसरं औषध आपल्याकडे आता बऱ्याच जणांना लागू पडत नाही. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं, डाग गेल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं. ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांचा इलाज एकदमच करा, कपडे गरम पाण्यात धुवून उलटे करून उन्हात टाका.

गोळ्या मनानं घेऊ नका. लिव्हर-हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरला आधी सांगा. स्टेरॉइड सोडल्यावर काही दिवस आग-खाज वाढते, तेवढ्यानं परत तीच ट्यूब धरू नका. आणि चट्टा फिकट असेल, खाज नसेल, टोचलेलं कळत नसेल, तर वरचं सगळं सोडून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कुष्ठरोगाच्या गोळ्या फुकट मिळतात, ६ किंवा १२ महिन्यांत माणूस बरा होतो. बाबा आमट्यांचं आनंदवन इथं वरोऱ्याला असून आपले लोक आजही चट्टा लपवतात.

काकाजी अजून म्हणतात, मेडिकलवाला ओळखीचा आहे, तो काहून फसवीन? मग २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत, गेलेली ट्यूब त्यानं बिनचिठ्ठीची कशी दिली, असं विचारलं की चहा अर्धा ठेवून उठतात.