नोकरी न सोडता ओशन इंजिनिअरिंगची मास्टर्स ऑनलाइन करता येते का, आणि करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सिव्हिलमध्ये बी.ई. केल्यापासून तुम्ही नवी मुंबईतील एका डिझाइन कार्यालयात समुद्रातील तेलविहिरींच्या जॅकेटचे, म्हणजे प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचे, विश्लेषण करता, नोकरी आणि घर सोडून बाहेर पडणे शक्य नाही, आणि अशा परिस्थितीत अमेरिकेतील विद्यापीठाची ओशन इंजिनिअरिंगमधील मास्टर्स ऑनलाइन मिळते का व तिच्यावरचा खर्च वसूल होतो का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी ह्यूस्टनमध्ये याच क्षेत्रात नोकरी करतो आणि नोकरी सांभाळूनच अशी पदवी घेतली आहे. पदवी मिळते, यात शंका नाही. खर्च वसूल होतो का, याचे उत्तर मात्र तुम्ही कोठे राहता आणि त्या पदवीच्या बळावर पुढे काय करू इच्छिता यावर इतके अवलंबून आहे की माझा हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही.

शोध घेताना पहिली अडचण नावाची येते. काही विद्यापीठांत हा विषय स्वतंत्र विभागात शिकवला जातो, काही ठिकाणी तो सिव्हिलच्या छत्राखाली किनारी अभियांत्रिकी म्हणून असतो, तर काही ठिकाणी नौका-रचनेच्या किंवा मेकॅनिकलच्या विभागात सामावलेला असतो. खुद्द एमआयटीने आपला ओशन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग 2005 मध्ये मेकॅनिकलमध्ये विलीन केला. व्हर्जिनिया टेकमध्ये तो विमानविद्येच्या जोडीने एकाच विभागात आहे आणि तेथील मास्टर ऑफ इंजिनिअरिंग ही पदवी ऑनलाइन घेता येते. त्यामुळे पदवीच्या नावापेक्षा विषयांची यादी पाहावी. जॅकेटवर काम करणाऱ्याला लाटांची गतिकी, सागरी संरचनांची गतिकी, यादृच्छिक लाटा आणि फटीग, म्हणजे पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने धातूचे थकणे, हे विषय लागतात. ज्या यादीत जहाजाची स्थिरता, प्रतिकार आणि प्रोपेलर यांनाच बहुतेक जागा दिलेली असेल, तो अभ्यासक्रम उत्तम असूनही तुमचा नव्हे.

ऑनलाइन अभ्यासक्रम बहुधा प्रबंधाविना असतो. साधारण 30 क्रेडिट, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दहा विषय, असा त्याचा आकार असतो आणि नोकरदार माणूस एका सत्रात एक किंवा फार तर दोन विषय घेऊ शकतो. दोन विषय घेतले तर घरच्यांना ते सत्र लक्षात राहते, एवढेच सांगतो. व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित असतात ही मोठी सोय आहे, कारण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला सुरू होणारा वर्ग तुमच्याकडे मध्यरात्रीनंतर अडीच वाजता भरतो. प्राध्यापकांच्या शंकानिरसनाच्या वेळा आणि काही परीक्षा मात्र प्रत्यक्ष वेळेवर असतात, आणि परीक्षेत कॅमेरा सुरू ठेवून बसावे लागते. प्रवेश घेण्यापूर्वी विभागाला ईमेल करून यांपैकी किती गोष्टी भारतीय वेळेनुसार हलवता येतात हे विचारून घ्यावे. उत्तर किती दिवसांनी येते, त्यावरून पुढच्या दोन-तीन वर्षांचाही अंदाज येतो.

आता शिकायला काय मिळते, ते तुमच्याच कामातल्या एका उदाहरणाने सांगतो. मुंबई हायच्या जॅकेटच्या पायाला शंख-शिंपल्यांचा आणि शेवाळाचा थर चढतो, ज्याला आपण मरीन ग्रोथ म्हणतो, आणि सॅक्स या संरचना-विश्लेषणाच्या प्रोग्रॅममध्ये त्याची जाडी एका तक्त्यात भरली की पुढचे सगळे प्रोग्रॅम करतो. एक मीटर व्यासाच्या नळीवर सर्व बाजूंनी 100 मिलिमीटर थर धरला तर व्यास 1.2 मीटर होतो. नळीवर लाटेचा किती भार येतो हे सांगणाऱ्या मॉरिसनच्या समीकरणातला ड्रॅगचा, म्हणजे पाण्याच्या वेगामुळे येणारा, भाग व्यासाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 20 टक्क्यांनी. परंतु पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) संहितेप्रमाणे ड्रॅगचा गुणांक 0.65 वरून 1.05 वर जातो, आणि दोन्ही परिणाम मिळून ड्रॅग जवळजवळ दुप्पट होतो. इनर्शियाचा, म्हणजे पाण्याच्या त्वरणामुळे येणारा, भाग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे 44 टक्क्यांनी वाढायला हवा होता, पण त्याचा गुणांक त्याच वेळी 1.6 वरून 1.2 वर उतरतो आणि प्रत्यक्ष वाढ 8 टक्क्यांच्या आसपास राहते. वादळाच्या मोठ्या लाटेत बारीक नळ्यांवर ड्रॅगचे राज्य असते, त्यामुळे त्या थराची जाडी हा जॅकेटच्या एकूण भाराचा कळीचा आकडा ठरतो, आणि पाणबुड्यांच्या तपासणी अहवालातील जाडी डिझाइनमध्ये धरलेल्या जाडीपेक्षा जास्त निघाली की सर्वांची धावपळ का होते, हे तेव्हा नीट उमगते. हे गणित मांडायला पदवी लागत नाही हे खरे. पण हे गुणांक कोणत्या प्रयोगांतून आले, ते कोठवर चालतात आणि व्यास लाटेच्या लांबीच्या पाचव्या भागापेक्षा मोठा झाला की मॉरिसन बाजूला ठेवून विवर्तनाचा, म्हणजे अडथळ्यामुळे लाट स्वतःच बदलते हे धरणारा, सिद्धान्त का घ्यावा लागतो, हे कोणी क्रमाने आणि गृहपाठ तपासून शिकवावे लागते.

शंभर वर्षांच्या लाटेचेही तसेच आहे. कार्यालयात हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. पण ती लाट कोणत्याही एका वर्षात ओलांडली जाण्याची शक्यता एक टक्का असते आणि 25 वर्षांच्या आयुर्मानात ती निदान एकदा ओलांडली जाण्याची शक्यता 22 टक्क्यांच्या घरात जाते, हे स्वतः मांडून पाहिल्यावर संहितेतल्या सुरक्षा गुणकांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. गृहपाठ बहुतेक याच जातीचे असतात. दहा सेकंद आवर्तनकाळ असलेल्या लाटेची लांबी खोल समुद्रात 156 मीटर असते आणि तीच लाट 10 मीटर खोलीत आली की सुमारे 92 मीटर उरते; हे काढण्यासाठी एक समीकरण पुनःपुन्हा सोडवावे लागते, आणि पहिल्या आठवड्यात ते स्वतः पायथॉनमध्ये किंवा एक्सेलमध्ये लिहायला लावतात. विश्लेषण रोज करणाऱ्या माणसालाही या पायरीवर थोडे अवघडल्यासारखे होते, कारण अभियांत्रिकीच्या गणिताच्या वह्या बंद करून बरीच वर्षे झालेली असतात.

ऑनलाइन जे मिळत नाही ते म्हणजे पाणी. टेक्सास ए अँड एमच्या आवारातील चाचणी-तलाव सुमारे 46 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि जवळजवळ 6 मीटर खोल आहे आणि त्याच्या तळाशी आणखी खोल खड्डा आहे; ओरेगन स्टेटमधील मोठी लाट-नलिका 104 मीटर लांब आहे. अशा ठिकाणी उभे राहून लाट परत फिरताना पाहणे, लाटेची उंची मोजणाऱ्या तारा पाण्यात धरून त्यांचे अंशांकन करणे आणि प्रतिकृतीवरचा आकडा खऱ्या आकारावर नेताना काय बिघडते ते अनुभवणे, हे चित्रफितीतून होत नाही. ऑनलाइन विद्यार्थ्याला प्रयोगाची आकडेवारी दिली जाते आणि तिच्यावर काम करवून घेतले जाते, जे उपयुक्त असले तरी दुसऱ्याच्या हातचे असते. ज्याला पुढे संशोधनात जायचे आहे त्याने ऑनलाइन पदवीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डिझाइन कार्यालयातच राहणाऱ्याला ही उणीव फारशी नडत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र पुण्याच्या वेशीवरच आहे, जेथे बंदरांच्या आणि लाटरोधक बांधांच्या प्रतिकृतींवर अनेक दशके काम चाललेले आहे.

पैशाचा आणि मान्यतेचा मुद्दा मी शेवटी घेतला असला तरी तुमचा निर्णय बहुधा तेथेच होईल. एका क्रेडिटचा दर अनेक विद्यापीठांत हजार डॉलरच्या आगेमागे किंवा त्याहून अधिक असतो, म्हणजे दहा विषयांचा खर्च रुपयांत 25 लाखांच्या वर जातो. अमेरिकेत नोकरी करणाऱ्याला हा भार एवढा जाणवत नाही, कारण मालकाने शिक्षणासाठी दिलेल्या वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतच्या मदतीवर कर लागत नाही आणि अनेक कंपन्या तेवढी रक्कम देतात. माझे विषय या मदतीच्या बेताने पुढे सरकले. एच-4 व्हिसावर, म्हणजे एच-1बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, येथे आलेल्या आणि नोकरीची परवानगी नसलेल्या मराठी अभियंत्यांनाही, मुख्यतः स्त्रियांना, मी ही पदवी बिनदिक्कत सुचवतो, कारण शिकण्यास त्यांना आडकाठी नसते आणि बायोडेटातली मोकळी वर्षे भरून निघतात. तुम्ही मात्र नवी मुंबईत बसून हीच रक्कम स्वतःच्या खिशातून भरणार आहात आणि तिच्या बदल्यात विद्यार्थी व्हिसा मिळणार नाही; व्हिसा नाही म्हणजे पदवीनंतर अमेरिकेत एक वर्ष व तांत्रिक शाखांना आणखी दोन वर्षे काम करण्याची ओपीटीची जी मुभा मिळते, तीही नाही. अमेरिकेत येणारे आपले बहुसंख्य विद्यार्थी प्रत्यक्षात त्या मुभेसाठीच शुल्क भरतात, हे कटू वाटले तरी खरे आहे.

भारतातील मान्यतेविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. यूजीसीच्या 2020 च्या नियमांनुसार देशातील विद्यापीठांना अभियांत्रिकीच्या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत, आणि यूजीसीचे 2025 चे नियम येण्यापूर्वी परदेशी पदवीला समकक्षता देताना भारतीय विद्यापीठ संघाचा भर प्रत्यक्ष आवारात राहून पूर्ण केलेल्या नियमित शिक्षणावर राहिलेला होता. सार्वजनिक उपक्रम, बंदर प्राधिकरण किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापन यांपैकी काही मनात असेल तर ऑनलाइन परदेशी पदवी हा मार्ग नव्हे. त्यासाठी गेट देऊन आयआयटी मद्रास किंवा खरगपूर येथे, किंवा पवईला सिव्हिलमध्ये, या विषयाचे एम.टेक. करावे, दोन वर्षे नोकरी सोडावी लागते, परंतु दरमहा 12,400 रुपयांचे विद्यावेतन मिळते, प्रयोगशाळा मिळते आणि पदवीवर कोणी प्रश्नचिन्ह लावत नाही. खासगी डिझाइन कंपन्यांत पदवी ऑनलाइन होती का, हे सहसा कोणी विचारत नाही. मात्र तिच्यामुळे पगार आपोआप वाढतो असेही नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर सध्या पूर्ण पदवीसाठी अर्ज केला नसता. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासच्या प्रा. व्ही. सुंदर यांचा लाटांच्या गतिकीवरचा आणि प्रा. श्रीनिवासन चंद्रशेखरन यांचे सागरी संरचनांवरचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, एमआयटीच्या सागरी जलगतिकीच्या टिपणांनाही पैसे पडत नाहीत, आणि किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांचे गणित करणारे डेल्फ्टचे स्वान किंवा संरचनेवरचा लाटांचा भार काढणारे फ्रान्समधील नेमो (NEMOH) यांसारखे मुक्त प्रोग्रॅम घरच्या संगणकावर चालतात. तीन-चार महिने यावर नेटाने काम करून, गृहपाठांसकट, पाहावे. त्यानंतरही ओढ टिकली तर पदवीसाठी प्रवेश न घेता एकच विषय, आणि तो लाटांच्या गतिकीचाच, शुल्क भरून घेता येतो. अनेक विद्यापीठे अशा विद्यार्थ्याला प्रवेश देतात आणि पुढे पदवीस नाव घातल्यास ते क्रेडिट ठरावीक मर्यादेत धरतात. तो विषय नोकरी सांभाळून निभावला आणि कंपनीने निदान निम्मे शुल्क उचलण्याची लेखी तयारी दाखवली, तर उरलेल्या नऊ विषयांचा विचार करण्यात अर्थ आहे.

त्याआधी एक गोष्ट मात्र ठरवून घ्यावी, ती म्हणजे खोल पाणी की किनारा. आपल्याकडे तेलाच्या जॅकेटचे काम पुढेही चालेल, पण त्यातले बरेचसे जुन्या प्लॅटफॉर्मचे आयुष्य वाढवण्याचे असेल, ज्यासाठी फटीग आणि पुनर्मूल्यांकन हे विषय हवेत. सागरी पवनऊर्जेसाठी केंद्राने 2024 मध्ये गुजरात व तमिळनाडू मिळून एक गिगावॉटच्या प्रकल्पांना 7,453 कोटींची योजना मंजूर केली खरी, तरी केवळ तिच्या भरवशावर 25 लाख गुंतवणे मला धाडसाचे वाटते. याउलट वाढवण बंदरात दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध आणि 1,448 हेक्टर भराव प्रस्तावित आहे, आणि रत्नागिरीजवळच्या मिऱ्यासारख्या ठिकाणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची कामे दर काही वर्षांनी निघतातच. या कामांना गाळाचे वहन, दगडी बांधांची स्थिरता आणि लाटांचे संख्यात्मक प्रतिमान हे विषय लागतात, आणि ते ऑफशोअरच्या यादीत क्वचितच सापडतात. किनाऱ्याकडे वळायचे ठरवलेत तर सिव्हिल विभागातला किनारी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम शोधावा, मग पदवीच्या कागदावर ओशन हा शब्द नसला तरी चालेल.