छंदाचा कोपरा : आंब्याचा ओंडका

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर मी लाकूड कातायचा एक जुना लेथ घेतला. लाटणी, भोवरे जमायला लागले. मग परसातला पडलेला रायवळ आंबा कापून १० इंची वाडगा कातला. दिसत होता सुरेख, पण आठवडाभरात तळापासून काठापर्यंत उभी चीर गेली. आमचे सुतार म्हणतात, आंबा जळणाच्या लायकीचा, साग घ्या. ओंडके अजून पडून आहेत. काय करू? आणि तुम्हाला हा नाद लागला कुठून? – एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : ताई, सुतारांचं म्हणणं त्यांच्या जागी ठीक आहे. त्यांना दारं-चौकटी करायच्या असतात आणि आंब्याला वाळवी, भुंगा लवकर लागतो. पण आपल्याला चौकट कुठे करायची आहे? साग एकदा कातून बघा. त्यात सिलिका असते, हत्याराची धार बघता बघता बसते. सागाचं नाव निघालं की माणसं उगाच ताठ बसतात! आंबा हाताला सोपा. ओंडका पडून राहिल्याने त्यात बुरशीच्या काळ्या रेघा उतरल्या असतील, तर ती नक्षी फुकटात मिळाली समजा. फक्त लाकूड भुसभुशीत झालेलं नको.

आता चीर. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, मध्यापासून सालीकडे थोडं, आणि वलयांच्या दिशेने साधारण त्याच्या दुप्पट. ओंडक्याचा ऐन मधला बिंदू वाडग्यात राहिला की भोवतालची वलयं आकसायला बघतात, त्यांना वाव मिळत नाही, आणि लाकूड फाटतं. तुमची चीर तळापासून निघाली, म्हणजे तो बिंदू बहुधा तळातच राहिला होता.

तेव्हा ओंडका त्या बिंदूतूनच उभा चिरून घ्या आणि दोन्ही फाकांवरून बिंदूलगतची बोटभर जाडी काढून टाका. वाडग्याचा तळ सालीकडे, तोंड मधल्या बाजूला. लाकूड ओलं असतानाच कातायचं. लांबच लांब ढलप्या सुटतात, चष्म्यावर पाणी उडतं, मजा येते. मात्र भिंत जाड सोडा, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी. तुमच्या वाडग्याला १ इंच. मग जिथे नसांची, म्हणजे लाकडाच्या उभ्या तंतूंची, टोकं उघडी पडली आहेत तिथे मेण किंवा फेव्हिकॉल फासा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वारं लागणार नाही अशा कोरड्या कोपऱ्यात ठेवा. कोकणात कागद ओलसर लागला की बदलत जा, नाहीतर बुरशी धरेल. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वाडग्याच्या बुडावर पेन्सिलीने लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. याला महिने लागतात, आणि पावसाळा हिशेबात धरूच नका. वाडगा तोवर लंबगोल झालेला असेल. जाडी त्यासाठीच सोडली होती. पुन्हा लेथवर चढवा आणि गोल करून घ्या.

फेऱ्यांचा ठोकताळा असा : व्यास इंचात आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये ठेवायचा. १० इंचाला ६०० ते ९००. ओबडधोबड ओंडक्याला त्याहून कमी. बटण दाबण्याआधी हाताने एक फेरी मारून बघा, कुठे अडत नाही ना. चालू करताना समोर उभ्या राहू नका. पदर, ओढणी, बांगड्या, मोकळे केस, हातमोजे, यातलं काहीही लेथजवळ नको. तोंडाला पारदर्शक मुखवटा हवाच, पॉलिश पेपर मारताना मास्कही. आंबा बिब्ब्याच्या कुळातला आहे, एखाद्याला त्याच्या चिकाने, भुशानेही अंगाला खाज सुटते.

नादाचं विचारलंत. माझं लहानपण सावंतवाडीचं. शाळा सुटली की पाय चितारआळीत, लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या गल्लीत. लेथवर पांगाऱ्याचं हलकं लाकूड फिरत असायचं आणि कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायचा. ब्रश नाही, चूल नाही. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळायची आणि पांढऱ्या लाकडावर लाल पट्टा चढायचा. मग पिवळा. दोन रंगांची कड एकमेकीत मिसळू न देणं, ही खरी कारागिरी. मी तिथून हलायचो नाही, घरून बोलावणं यायचं. पुढे कारखान्यात टर्नर झालो, लोखंड कातून घर चालवलं. पण लोखंडाला नस नसते हो. ड्रॉइंग बरहुकूम माप आलं की काम संपलं. रविवारी मागच्या पडवीत फणसाचा तुकडा चढवला की आत काय निघेल ते लाकूड ठरवणार. आमची ही अजून म्हणते, आठवडाभर तेच करता आणि सुट्टीलाही तेच!

प्रश्न : लाकडी वाडग्याला खोबरेल लावलं तर चिकट झालं आणि वास यायला लागला. कोणतं तेल लावावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : खोबरेल, शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, लाकडात तसंच राहून खवट होतं. जवसाचं तेल हवेने घट्ट होतं. खाण्याचं, कच्चं घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या ‘बॉईल्ड’ तेलात बहुधा लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते ताटावाटीला नको. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने पुसून काढा, चांगलं वाळू द्या, मग दुसरा हात. घाई असेल तर हे तेल तुमच्यासाठी नाही. आणि एक, पुसलेल्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं पाण्यात बुडवा किंवा अंगणात दोरीवर पसरून वाळवा. पोळपाट-लाटण्याला मात्र काहीच लावू नका, कणकेचा हात रोज लागतोच.