रॅल्फ मूनीवरच्या लेखाबद्दल

पोरी,

तुझा मसुदा दोनदा वाचला, दुसऱ्यांदा लाल पेन हातात घेऊन. ‘अंडररेटेड’ हा शब्द अकरा वेळा आला आहे, शीर्षक धरलं तर बारा. सगळे खोडले आहेत, रागावू नकोस. लेख चांगला होण्यासारखा आहे म्हणूनच हे लांबलचक पत्र लिहितोय, नाहीतर ‘छान’ म्हणून फोनवर मोकळा झालो असतो.

मूनीला कमी लेखलं, असं तू लिहितेस. कोणी? तो वाजवायचा ती पेडल स्टील, म्हणजे पेडलं लावलेली आडवी गिटार, वाजवणाऱ्यांनी तर नाही. १९८३ सालीच स्टील गिटार हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. बक ओवेन्स, मर्ल हॅगर्ड, वेलन जेनिंग्ज या तिघा अमेरिकन कंट्री गायकांच्या गाण्यांत तो वाजवत होता आणि तिघांनाही त्याची किंमत पुरेपूर कळत होती. राहिला श्रोता. तो त्याला कमी लेखत नव्हता, त्याला तो ऐकूच येत नव्हता. गाणं संपलं की गाणाऱ्याचं नाव जिभेवर राहतं. मागे कोण होतं, हे कोण विचारतो?

मी सतरा वर्षं मुंबईतल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवली. गणपतीत रोज एक कार्यक्रम, कधी दोन. पाटीवर गायक-गायिकांची नावं, निवेदकाचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत ‘आणि वाद्यवृंद’. त्या दोन शब्दांत आम्ही नऊजण. तेव्हा वाईट वाटायचं, आता त्याचं काही नाही. पण तेव्हा जर कोणी माझ्यावर लेख लिहिला असता आणि त्यात ‘उपेक्षित कलावंत’ म्हणून गळा काढला असता, तर मला जास्त वाईट वाटलं असतं. ‘त्या अमुक गाण्याच्या दुसऱ्या कडव्याआधी तुम्ही जी जागा घेता ती कशी घेता हो?’ असं एकाने जरी विचारलं असतं, तर त्याला घरी जेवायला नेलं असतं.

तुझ्या लेखात मूनीच्या हातांबद्दल एक ओळ नाही. पायांबद्दलही नाही, आणि या वाद्यात पाय हातांइतकेच महत्त्वाचे.

वाचणाऱ्याने पेडल स्टील पाहिलेली नसणार हे गृहीत धर. आपल्याकडे लोकांना हवाईयन गिटार ठाऊक आहे. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या सिनेमातल्या चालींच्या रेकॉर्डी घरोघर होत्या. तिथून सुरुवात कर. आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात पोलादी दांडी, ती तारांवरून घसरवायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाईत ही पद्धत निघाली. जोसेफ केकुकू या मुलाचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. ती अमेरिकेत पोचली, कंट्री संगीतात रुजली आणि इकडे आपल्या सिनेमाच्या वाद्यवृंदातही आली. म्हणजे मूनीचं वाद्य आणि माझं वाद्य चुलत भावंडं. माझं वाद्य गरीब राहिलं, मूनीच्या वाद्याने पुढे चार पायांचं टेबल, तारा ओढणाऱ्या सळ्या, पेडलं आणि गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या असा थाट केला.

त्या थाटाचा उपयोग काय, हे सांगताना इंग्रजी लेखांतली ‘ई-नाइन ट्यूनिंग’ वगैरे भाषा उचलू नकोस. सरगममध्ये सांग, चटकन कळेल. तारांच्या एका गटात सा ग प लागले आहेत असं समज. एक पेडल डाव्या पायाने दाबलं की पंचमाची तार ताणली जाते आणि वाजता वाजता धैवत होते. शेजारचं दाबलं की गंधाराचा मध्यम होतो. षड्ज मात्र जागचा हलत नाही. दोन्ही एकदम दाबलीस की सा ग प चे सा म ध झाले, आणि डावा हात तसूभरही सरकलेला नाही. पाय उचलला की सगळे पुन्हा घरी.

माझ्या हवाईयनवर हे होत नाही. दांडी सरकली की सगळ्या तारा एकत्र सरकतात, मींड मिळते पण सगळ्यांना एकाच दिशेने जावं लागतं. पेडल स्टीलमध्ये एक सूर स्थिर उभा आणि त्याला लागून दुसरा चढत जातो. तंबोरा आणि गळा एकाच वाद्यात बसवल्यासारखं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हेवा वाटला होता, खोटं कशाला बोलू.

वाजत्या तारेवर पेडल दाबायची ही युक्ती लोकांच्या कानावर पडली ती बड आयझॅक्स या स्टीलवादकामुळे, गायक वेब पीयर्सच्या ‘स्लोली’ या १९५४ साली गाजलेल्या गाण्यात. त्याआधी पेडलं असायची, पण ती मुख्यतः दोन वाजवण्यांच्या मध्ये गुपचूप सूर बदलण्यासाठी. आयझॅक्सने तो बदलच ऐकवला. हे तुझ्या लेखात दोन ओळींत यायला हवं, कारण मूनी त्याच लाटेतला.

आता मूनी. जन्म १९२८, डंकन, ओक्लाहोमा. पोरवयात कॅलिफोर्नियाला आला. ओक्लाहोमा, टेक्सासातून तिकडे गेलेल्या कष्टकऱ्यांची ती वस्ती: शेतमजूर, तेलविहिरींवरचे कामगार, कारखान्यांतले लोक. संध्याकाळी दारूचे गुत्ते आणि नाचाचे हॉल. तिथल्या कल्ल्यात वाजवायचं म्हणजे सूर गोंगाटाला भोक पाडून जायला हवा. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमधले बरेच स्टीलवादक उजव्या पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलने सुराची सुरुवात दडवतात, सूर हळूच उमलतो, व्हायोलिनसारखा, हुंदक्यासारखा. मूनीचं उलटं. त्याच्या तारेवरचा आघात कानाला लागतो. वरच्या तारा, तोकडे सूर, भराभर, पत्र्यावर पाऊस पडावा तसे. पेडल दाबून सोडणंही तसंच झटक्याचं, त्यामुळे सूर रडण्याऐवजी उड्या मारतो. दुःखी शब्दांच्या गाण्यातही मूनी हसत असतो, असं मला वाटतं. हे माझं मत, तुला पटलं तर घे.

कॅलिफोर्नियातल्या दिवसांतलं त्याचं वाद्यही सांग: फेंडर १०००, दोन नेक (तारा ताणलेल्या पट्ट्या), प्रत्येकावर आठ तारा. आजच्या सर्रास वाजणाऱ्या वाद्याला एका नेकवर दहा तारा असतात. त्या दोन जास्तीच्या तारांशिवाय त्याने ही करामत केली, हे जाणकार वाचकाला थांबवेल.

‘बेकर्सफील्ड साउंडचा शिल्पकार’ असं तू म्हटलं आहेस. शिल्पकार काढून टाक, आणि बेकर्सफील्डलाही जपून हात लाव. कॅलिफोर्नियातलं ते गाव खरं, तिथले गुत्ते खरे, पण ज्या तबकड्यांमुळे ते नाव झालं त्यातल्या बऱ्याच हॉलिवूडला कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत मुद्रित झाल्या. मूनीचा वावरही लॉस एंजेलिसच्या आसपास आणि लास व्हेगासला, गायक विन स्ट्युअर्टच्या बँडमध्ये. विन स्ट्युअर्ट हे नाव तुझ्या मसुद्यात नाहीच! त्याच्याशिवाय मूनीवर लिहिणं म्हणजे साथीदारावर लिहिताना मैफलच वगळणं.

‘क्रेझी आर्म्स’बद्दल तू दीड पान लिहिलं आहेस, त्यातलं पान दारूचं आणि बायको सोडून गेल्याचं. ती हकीकत सांगतात खरी, गाणं त्यातून सुचलं असंही सांगतात. एका वाक्यात सांग आणि पुढे हो. खरी गंमत वेगळीच आहे, ती तुझ्या हातून निसटली. मूनीने चक सील्सबरोबर रचलेलं हे गाणं रे प्राइसने १९५६ साली गायलं आणि ते कंट्री गाण्यांच्या यादीत २० आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच वर्षाच्या शेवटी रॉक-अँड-रोल गायक जेरी ली लुईसची पहिली तबकडी निघाली, तीही याच गाण्याची. आणि रे प्राइसच्या त्या मुद्रणात स्टील मूनीची नाही! ज्याचं गाणं अमेरिकाभर वाजतंय तो कॅलिफोर्नियात दुसऱ्या कोणाच्या तरी मागे बसून जागा भरतोय. याला तू ‘अन्याय’ म्हणशील. मी म्हणणार नाही. त्याला वाजवायचं होतं आणि तो वाजवत होता.

एमन्सशी तुलना पूर्ण काढ. बडी एमन्स स्टीलवादक म्हणून थोर होताच, त्याने या वाद्याचा नकाशाच बदलला. पण ‘एमन्सपेक्षा मूनी श्रेष्ठ’ हे वाक्य वाचून कोणी गाणं ऐकायला जात नाही, भांडायला येतो.

मग लेखात लिहायचं काय, असं तू विचारशील. तीन गाणी घे, जास्त नकोत. बक ओवेन्सचं ‘अंडर युअर स्पेल अगेन’, १९५९. मर्ल हॅगर्डचं ‘स्विंगिंग डोअर्स’, १९६६. वेलन जेनिंग्जचं ‘रेनी डे वूमन’, १९७४. बकचा आवाज वरचा, टोकदार. वेलनचा खर्जातला, भरदार, आणि त्याच्या बँडचा ठोका एखाद्या हत्तीच्या चालीसारखा ठाम. मधे पंधरा वर्षं गेलेली. या तिन्हींत तुला एकच माणूस ओळखू येतो का बघ.

ऐकायचं कसं तेही सांगतो. पहिल्या वेळी शब्द सोडू नकोस, नाहीतर स्टील का बोलते तेच कळणार नाही. मग शब्दांकडे पाठ कर आणि दोन ओळींच्या मधे काय होतं तेवढंच ऐक. गाणारा श्वास घेतो त्या वेळात मूनी आत येतो, सांगायचं ते सांगतो आणि पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर यायच्या आत बाहेर पडलेला असतो. नाट्यगीतं ऐकणाऱ्यांना हे नवीन नाही. गोविंदराव पटवर्धनांची पेटी आपण अशीच ऐकली, गायकाच्या सावलीत चालणारी आणि मधेच त्याच्याआधी वळणावर उभी असलेली. तुझी आजी गोविंदरावांसाठी तिकीट काढायची, गायक कोण हे नंतर विचारायची. तिला विचार, ती तुला मूनीबद्दल माझ्यापेक्षा बरं सांगेल.

त्यानंतर एक जागा निवड, फार तर चार सेकंदांची. ती अर्ध्या वेगाने लाव आणि सरगम लिहून काढ. कुठला सूर स्थिर आहे, कुठला चढला, पेडल सूर वाजल्यावर दाबलं की आधीच दाबलेलं होतं. पहिल्या दिवशी जमणार नाही. मलाही ‘रेनी डे वूमन’ची एक जागा कळायला दोन महिने लागले होते, आणि माझ्याकडे वेग कमी करायची सोय नव्हती. मर्चंट नेव्हीतल्या एका मित्राने ह्यूस्टनहून आणलेली कॅसेट होती, ती पेन्सिलीने मागे फिरवत ऐकायचो. ही चार सेकंदं तू वाचकाला नीट ऐकवलीस, की बाकी लेख पाऊण पानाचा झाला तरी चालेल.

१९६८ साली जेम्स बर्टन या गिटारवादकाबरोबर केलेला त्याचा अल्बम तू सविस्तर घेतला आहेस, तो ठेव. शब्दांशिवाय मूनी मोठ्या प्रमाणात ऐकायला मिळतो असं ते एकच ठिकाण. पण ते त्याचं सर्वोत्तम काम आहे असं लिहू नकोस. मला तो तिथे थोडा एकटा वाटतो. समोर गाणारा हवा, तरच त्याला पळायला वाट मिळते.

वेलनबरोबर तो १९७० पासून वीस वर्षं राहिला. वीस वर्षं एकाच्याच मागे बसून नवीन काही काढत राहणं म्हणजे काय, हे तुझ्या वयात कळणं अवघड आहे, त्यामुळे त्यावर भाष्य टाळ, आकडा दे आणि सोड. शेवट मात्र नीट लिही. २०१० साली कंट्री गायक मार्टी स्टुअर्टचा एक अल्बम आला, नॅशव्हिलच्या स्टुडिओ बी मध्ये केलेला. त्यात मूनीने ‘क्रेझी आर्म्स’ वाजवलं, कोणी गात नाही, चाल स्टीलच वाजवते. दुसऱ्याच्या आवाजात जगभर फिरलेलं गाणं म्हाताऱ्याने शेवटी स्वतः म्हटलं. पुढच्या वर्षी २० मार्चला टेक्सासात तो गेला, ८२ वर्षांचा होऊन. तुझ्या मसुद्यात त्याच्या मृत्यूवर दोन परिच्छेद आहेत आणि या मुद्रणावर अर्धी ओळ. उलट कर.

नवीन मसुदा घेऊन रविवारी ये. माळ्यावरून हवाईयन काढून पुसून ठेवली आहे. मी दांडी धरीन आणि सांगेन तेव्हा दांडीच्या मागून पंचमाची तार तू बोटाने ओढायची, धैवत लागेपर्यंत. पेडल काय करतं ते तुझ्या बोटाला कळेल. बोट दुखेल थोडं. आणि येताना तारांचा एक सेट घेऊन ये, इथल्या गंजल्या आहेत.

तुझा,
काका