कोरियात जात होती का?

प्रश्न : ताई, जय भीम. मी इंदोऱ्यात राहते, बीए फायनलला आहे. आम्ही मैत्रिणी रात्र रात्र जागून कोरियन सिरीयल पाहून राहिलो. डिसेंबर 2024 ला तिकडे मार्शल लॉ लावला तेव्हा पोरी के-पॉपच्या लाइटस्टिक घेऊन रस्त्यावर उतरल्या, ते रील्समध्ये पाहिलं. मला विचारायचंय, तिकडे आपल्यासारखी जात होती का, आणि तिच्याविरुद्ध कोणी भांडलं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जय भीम गं. हा प्रश्न कोणीतरी विचारावा असं मला कधीचं वाटत होतं.

हुबेहूब आपल्यासारखी जात नाही म्हणता येणार, पण जन्मावरून माणसाला खाली ढकलणं होतंच. बेकजोंग म्हणायचे त्यांना. जनावरं कापणारे, कातड्याचं काम करणारे, टोपल्या विणणारे. वस्ती वेगळी, लग्नं आपसातच, आणि ती काळी, घोड्याच्या केसांची टोपी असते ना सिरीयलमधल्या बड्या लोकांची, गात म्हणतात तिला, ती यांनी घालायची नाही, यांना बांबूची टोपी. 1894 ला कायद्याने हे सगळं बंद झालं, पण कागदावरच, कारण पुढे जपानी राज्य आलं तरी पोरांना शाळेत घेताना नाकं मुरडणं चालूच होतं आणि हाती पैसा आलेल्या बेकजोंगांच्या पोरांनाही दारातून परत पाठवायचे.

मग एप्रिल 1923 मध्ये, म्हणजे आपल्या महाडच्या चार वर्षं आधी, जिंजू गावात ह्योंगप्योंगसा नावाची संघटना उभी राहिली. ह्योंग म्हणजे तराजू. ज्या तराजूवर मांस तोलायचं त्याचंच नाव घेतलं, की माणसं पण सारखी तोला! मला हे नाव फार आवडतं, ज्या धंद्यावरून हिणवलं त्याचीच वस्तू त्यांनी पुढे धरली. कांग सांग-हो हे वरच्या घराण्यातले गृहस्थ सोबत आले, तर त्यांनाच लोक 'नवा बेकजोंग' म्हणून चिडवायला लागले. गावातल्या विरोधकांनी तर गोमांसावर बहिष्कार टाकला, पोटावरच पाय. बहिष्कार म्हणजे काय हे तुला मी सांगायची गरज नाही.

1935 ला संघटनेचं नाव बदललं, धारही गेली. नंतर कोरियन युद्धात गावंच्या गावं विस्कटली, कोण कुठला ते पुसलं गेलं.

पण भेदभाव संपला असं समजू नको. सोलच्या मेट्रोत व्हीलचेअरवाले अपंग लोक सकाळच्या गर्दीत ट्रेन अडवून बसतात, 2001 ला ओइदो स्टेशनवर व्हीलचेअरच्या लिफ्टचा अपघात होऊन एक जीव गेला तिथून त्यांचा लढा पेटला. आणि सगळ्याच भेदभावाविरुद्धचा कायदा 2007 पासून मांडला जातोय, अजून पास होत नाही.

पुढच्या वेळी जुन्या राजांच्या काळातली सिरीयल लावली की डोक्यांकडे बघ. कोणाच्या डोक्यावर गात आहे, कोणाच्या डोक्यावर बांबूची टोपी.