युद्धपटांतल्या चुकांना एवढं महत्त्व द्यावं का?

द्यावं, पण सगळ्या चुकांना सारखं नाही. एका शॉटमध्ये पट्टी डाव्या हाताला, पुढच्यात उजव्या. ही सातत्याची चूक. शूटिंग तुकड्यातुकड्यांनी होतं, त्यामुळे असं घडतं. मी ती सोडून देतो. १९६५ च्या 'बॅटल ऑफ द बल्ज'मध्ये जर्मन टायगर म्हणून अमेरिकन पॅटन रणगाडे दाखवलेत, तेही एकवेळ चालेल. खरे टायगर आणायचे कुठून?

माणसांच्या बाबतीत मात्र मला चालत नाही. १९९७ च्या 'बॉर्डर'मध्ये भैरोसिंग राठोड १९७१ च्या भारत-पाक युद्धात, राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्याच्या लढाईत शहीद होताना दाखवलेत. प्रत्यक्षात सीमा सुरक्षा दलाचे राठोड त्या लढाईतून जिवंत परतले, १९७२ मध्ये त्यांना सेना पदक मिळालं आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला त्यांचं निधन झालं. म्हणजे स्वतःचं मरण त्यांनी पंचवीस वर्षं पडद्यावर पाहिलं! शिवाय त्या लढाईत आपले दोनच जवान गेले. सिनेमा बघून कोणाला हे खरं वाटेल? रात्रभर ठाणं टिकवलं आणि उजाडल्यावर आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाडे टिपले, हा खरा प्रसंगच पुरेसा थरारक आहे.

आम्हा सोलापूरकरांना हे जास्त लागतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, स्वातंत्र्यलढ्यातले आमचे चार हुतात्मे, इंग्रजांनी दिलेली फाशी १२ जानेवारी १९३१. त्यांच्या पुतळ्यांपाशी वाढलेल्या पोराला यातलं एक नाव वा तारीख चुकलेली खपत नाही. म्हणून सिनेमा बघा, आणि घरी येऊन त्यात दाखवलेल्या रेजिमेंटचा इतिहास जरूर वाचा.